पटाबाहेरची मुले

बारामती-इंदापूरचा ऊस तोडावयास बीड जिल्ह्यातून कुटुंबे येतात ती दिवाळीच्या सुमारास. शाळेतील शिक्षकांची पदे मात्र ठरतात 30 सप्टेंबरच्या पटावरून. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात मागाहून आलेल्या मुलांना कायद्याने प्रवेश मिळेल. पण शिक्षक कोठून मिळणार? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत आणि रिक्त पदे दहा टक्क्यांहून अधिक नकोत. परंतु एकट्या गुरुजींनीच चार इयत्ता आणि पोषण आहाराचा हिशेब सांभाळावयाचा असेल, तर नव्या मुलाला अक्षर गिरवावयास शिकवणार कोण? म्हणून हंगाम सुरू होताच पट पुन्हा मोजावा आणि त्याप्रमाणे शिक्षक द्यावेत. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीची नोंद होते. त्या उसाच्या मोळ्या बांधणाऱ्याच्या मुलाची नोंद शासनाने का घेऊ नये?