टाचेमागची शीर आणि एक्स-रेची मर्यादा

जामसांवलीला निजलेल्या हनुमानाच्या दर्शनाला सौंसर-पांढुर्ण्याकडून पायी येणारे बरेच. घरी परतल्यावर कुणाची टाच धरते. एक्स-रे निघतो, ‘हाड ठीक आहे’ असं कळतं आणि माणूस निर्धास्त होतो. खरं तर दुखणारी वस्तू त्या फोटोत नसतेच.

पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी जाड दोरी म्हणजे कंडरा. आपण तिला नुसतं ‘शीर’ म्हणतो. एक्स-रेत हाड दिसतं, फार तर कंडरेत साठलेला चुना किंवा तिच्या ओढीनं निघालेला हाडाचा तुकडा. तिचे तंतू मात्र सोनोग्राफीत दिसतात, समांतर रेघांसारखे. मोठी सोय अशी, की पाऊल हलवायला सांगून तुटलेली टोकं एकमेकांपासून किती दूर जातात, हे तिथल्या तिथं पाहता येतं. पण यंत्राचा प्रोब जरा तिरपा धरला, तर धडधाकट कंडराही काळी, फाटल्यासारखी दिसते. म्हणून हात सरावाचा हवा.

एमआरआय महाग. खांद्यातल्या खोल कंडरा पाहायच्या असतील किंवा शस्त्रक्रियेआधीचा नकाशा हवा असेल, तर तो उपयोगी.

शिवाय वय झालेल्या खांद्यात न दुखणारी फाटही सापडते. तेव्हा नुसत्या रिपोर्टावर विसंबू नये. पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही, तर टाचेमागची शीर पूर्ण तुटल्याचा दाट संशय डॉक्टरांना यंत्राआधीच येतो.