पंढरीचा कायापालट : कोणासाठी व कसा?

गाव सुधारावे की नाही, असा प्रश्न आज कोणी सुज्ञ मनुष्य विचारीत नाही. वाद असतो तो एवढाच की, सुधारणेची कुदळ कोणाच्या भिंतीवर पडावी, आणि ती पडण्यापूर्वी भिंतीआड राहणाऱ्यास विचारावे की नाही. २०२२ साली पंढरपुरात विठ्ठलमंदिराभोवती प्रशस्त मार्गिका काढण्याची, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या ‘कॉरिडॉर’ची, सरकारी योजना पुढे आली, तेव्हा हाच प्रश्न तेथे घरोघर उभा राहिला.

योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. २०११ च्या खानेसुमारीत ज्या गावाची वस्ती लाखाच्या आत भरली, तेथे आषाढीस अनेक लाख वारकरी लोटतात. गल्ल्या अरुंद, दर्शनबारी लांबच लांब. अशा दाटीत आग लागली अथवा चेंगराचेंगरी झाली, तर एखाद्या वृद्धेने जावे कोठे? ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मंदिरापाठीमागच्या वाड्यांत राहणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या वारकऱ्यांना उतरावयास जागा देत आली. बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे विकणारा दुकानदार बहुधा भाडेकरू असतो. त्याची उपजीविका त्या एका कोपऱ्याशी बांधलेली असते. नुकसानभरपाई मालकास मिळेल, पण मोक्याचा कोपरा पैशाने पुन्हा थोडाच मिळणार? शिवाय एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस हे सांगणे नलगे की, एका उताऱ्यावर दहा नावे असली की वाडा मोडताच रक्कम वाटली जाते आणि तिच्याबरोबर घरही वाटले जाते. देवघर, माजघर, ओटी यांची किंमत कोणत्या तक्त्यात मांडावी?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले, व २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तो वाद निराळा होता. आज रहिवासी मागतात तो देवावरचा हक्क नव्हे, स्वतःच्या उंबऱ्यावरचा.

दोन्ही पक्ष काशीचा दाखला देतात. तेथे डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धाम खुले झाले. त्यासाठी तीनशेंवर इमारती घ्याव्या लागल्या. देवालयापासून गंगेपर्यंत वाट मोकळी झाली, घरांआड दडलेली कित्येक जुनी मंदिरे उजेडात आली; पण एक जुना मोहल्लाही नाहीसा झाला.

या कामी पॅट्रिक गेडिस यांची आठवण उपयोगी पडेल. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले हे स्कॉटिश गृहस्थ त्यापूर्वी हिंदुस्थानातील अनेक गावे पायी हिंडून पाहत असत. सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी वस्ती कापीत जाणे त्यांना पसंत नव्हते. आधी घर न् घर पाहावे, पडके तेवढे काढावे, मोकळ्या जागा जोडाव्यात, असे त्यांचे मत. कुशल शस्त्रवैद्य निरोगी अवयवास धक्का लावीत नाही, तसे. इंदुरात प्लेगच्या भयाने गांजलेल्या लोकांना उपदेश न करता त्यांनी दिवाळीच्या सुमारास थाटाची मिरवणूक काढविली; जी आळी स्वच्छ होईल तिच्यातून ती जाईल, अशी द्वाही फिरली, आणि लोकांनी आपण होऊन घरेदारे झाडून काढली. लोकांस सोबत घेतले तर काम किती सोपे होते, याचा हा धडाच होय.

पंढरपुरातही असा मार्ग अगदीच अपरिचित नाही. नदीपलीकडील ‘पासष्ट एकर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर दिंड्यांच्या मुक्कामाची सोय झाली आणि गावातील गर्दीचा भार काही अंशी हलका झाला. तेव्हा कोणताही वाडा पाडण्यापूर्वी गर्दी आणखी कोठे वळविता येईल हे पाहावे. नकाशा मराठीत, घरांच्या क्रमांकांसह, चावडीवर लावावा. आणि मालकाइतकेच भाडेकरूचेही म्हणणे लेखी घ्यावे. रहिवाशांनीही केवळ ‘नको’ म्हणून न थांबता, आषाढीच्या दिवशी आजारी वारकऱ्यास वाट कशी मिळेल, याचे उत्तर शोधले पाहिजे.

वारकरी दोन दिवसांचा पाहुणा, गावकरी बारा महिन्यांचा यजमान. यजमानास घराबाहेर काढून पाहुण्याचा सत्कार होत नाही; आणि पाहुण्यास दारात ताटकळत ठेवणे हेही यजमानास शोभत नाही.