शर्यत बैलांची, प्रश्न मापाचा

यात्रांचा हंगाम आला की आम्हा कापडवाल्यांच्या दुकानात फेट्यांच्या कापडाची मागणी वाढते. गिऱ्हाईक गाठोडे बांधेपर्यंत बोलतो ते बैलगाड्यांबद्दल, आणि त्या बोलण्यात कौतुकापेक्षा तक्रारच जास्त असते. वेळ चुकीची धरली, दुसऱ्याचा गाडा हलका होता, मोठा बैल लहानांत पळवला. एवढ्या तक्रारी आहेत तर नियमांचा विचार व्यापारी नजरेने व्हायला हवा, असे आम्हाला वाटते.

आधी कायद्याची हकीकत. ७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ रोजी. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. आज कलेक्टरांची परवानगी आणि जनावरांची डॉक्टरी तपासणी लागते. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. हे नियम जनावराच्या रक्षणासाठी आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण दोन मालकांमधला इन्साफ त्यांतून होत नाही. तो यात्रा कमिटीला स्वतःच करावा लागतो.

सातारा-सांगलीकडे सपाट मैदानात गाडे चाकोऱ्यांतून एकत्र सुटतात. कोण पुढे, ते हजार डोळ्यांना दिसते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या पारनेरच्या बाजूला शर्यत घाटाची. गाडा चढावर एकटाच पळतो आणि निकाल सेकंदावर लागतो. मग घड्याळ हाच खरा पंच. माणसाच्या बोटाने दाबलेल्या घड्याळात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज इकडे-तिकडे होतो, आणि तेवढ्यात पहिल्याचा तिसरा होऊ शकतो. दोन्ही रेषांवर सेन्सर लावून वेळ सर्वांना दिसेल अशी फलकावर दाखवावी. खर्च बक्षिसाच्या मानाने काहीच नाही. २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत जेसीबी यंत्र बक्षिसाला होते! एवढा माल तोलायचा आणि काटा अंदाजाचा ठेवायचा, हा कुठला व्यवहार?

एकट्याने घड्याळाविरुद्ध पळण्याचा हाच प्रकार परदेशात खेळण्यातल्या मोटारींत आहे. १९५७ साली इंग्लंडात स्केलेक्स्ट्रिक नावाने विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या निघाल्या. खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्शाची गाडी, रस्त्यातल्या खाचेत अडकलेली, वेग हातातल्या बटणाने कमी-जास्त करायचा. त्यांची रॅलीही भरते. टप्प्याटप्प्याने एकेक गाडी सोडतात, सर्व टप्प्यांची वेळ जोडतात, कमी वेळेचा जिंकतो. खेळणेच ते, पण नियम सोनाराच्या काट्यासारखे. मोटरचे फेरे किती, वजन किती, टायर कोणते, सगळे ठरलेले. खाली लोहचुंबक लावला तर गाडी रुळाला चिकटून वळणावर उलटत नाही, म्हणून चुंबकाच्या गाड्या वेगळ्या आणि बिनचुंबकाच्या वेगळ्या. काही ठिकाणी तर मोटर आयोजकच वाटतात, म्हणजे पैसेवाल्याने भारी मोटर आणण्याचा प्रश्नच मिटतो. तपासलेली गाडी शर्यतीपर्यंत मालकाच्या हाती देत नाहीत.

यातले पुष्कळ आपल्याला घेता येईल. घाटात बैलांपुढे घोडी धरतात. जातिवंत घोडी ज्याच्याकडे, त्याची वेळ कमी. मग घोडीचे गाडे आणि बिनघोडीचे गाडे एका यादीत का धरायचे? जिथे मालक स्वतःचा गाडा आणतो तिथे लाकूड, लोखंड, चाकाचा आस, सगळ्यात फरक पडतो. कमिटीने दोन सारखे गाडे वजन करून ठेवावेत आणि सर्वांना तेच द्यावेत. ज्या शेतकऱ्याकडे फक्त बैल आहेत, भारी गाडा करायला पैसा नाही, त्याचा निभाव यानेच लागेल.

वयाचा वर्ग दातांवरून ठरतो: आदत, दुसा, चौसा. ही आपल्या जुन्या लोकांची हुशारी. पहिले पक्के दात साधारण अडीच वर्षांच्या आसपास येतात, म्हणून दाखला खोटा निघेल पण जबडा खोटा निघत नाही. मात्र दात बाहेरच्या डॉक्टरने, सर्वांसमोर आणि शर्यतीच्या आधी बघावेत. निकालानंतर जबडा उघडला की भांडण ठरलेलेच.

राहिला घाट. प्रत्येक गावाचा चढ वेगळा, लांबी वेगळी. मग या घाटातले सेकंद त्या घाटाशी लावून 'विक्रम' म्हणणे आम्हाला पटत नाही. गजाने घेतलेले कापड मीटरने विकले तर मीटरमागे साडेआठ सेंटिमीटरचा घोळ होतो. १९५६ च्या वजन-मापाच्या कायद्याने तो घोळ बाजारातून काढला. घाटाची लांबी आणि चढ मोजून फलकावर लिहायला कमिटीला एक टेप आणि एक दुपार पुरे. मोजणी नीट शिकायची तर नगरात (आता अहिल्यानगर) व्हीआरडीईसारखी वाहने तपासणारी सरकारी संस्था आहे. निवृत्त झालेले एखादे तंत्रज्ञ शेजारीच राहत असतील, त्यांना बोलवा. यादी मात्र प्रवेश फी घेण्याआधी छापून द्या. पैसे घेतल्यावर नियम सांगणे म्हणजे थान फाडल्यावर भाव सांगणे. गिऱ्हाईक भांडणार, आणि त्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही.