शार्त्रच्या काचा आणि काजळी

पॅरिसच्या नैर्ऋत्येस गव्हाच्या सपाट शेतांतून जाणाऱ्या प्रवाशाला शार्त्र गावाआधी तेथील कॅथीड्रलचे दोन मनोरे दिसू लागतात. कॅथीड्रल म्हणजे नुसते मोठे चर्च नव्हे. जेथे बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल. हे मनोरे जुळे नाहीत. दक्षिणेचा बाराव्या शतकातला, साधा व निमुळता. उत्तरेचा लाकडी शेंडा १५०६ साली वीज पडून जळाला, तेव्हा त्याजागी नक्षीदार दगडी शिखर चढले. आम्हाला विचाराल तर साधाच बरा.

११९४ च्या जूनमध्ये आगीने जुनी इमारत खाल्ली. पश्चिमेचा दर्शनी भाग आणि तळघर तेवढे वाचले. मेरीमातेचे म्हणून पुजले जाणारे वस्त्रही जळाले या समजुतीने गाव हताश झाला होता; ते सुखरूप निघाले आणि लोक नव्या उमेदीने कामाला लागले, असे जुना वृत्तांत सांगतो. १२६० साली नव्या वास्तूचे समर्पण झाले.

आता खरी करामत पाहू. आतले दगडी छत सुमारे ३७ मीटर उंच आहे. अशा छताचा भार नुसता खाली येत नाही, तो भिंतींना बाहेरही रेटतो. म्हणून पूर्वीचे गवंडी भिंती जाड व खिडक्या लहान ठेवीत. येथे टोकदार कमानींनी तो भार ठरावीक खांबांवर आणला, आणि त्या खांबांना बाहेरून दगडी अर्धकमानींचे धिरे दिले. भिंतीचे ओझे सुटले. जेथे दगड असायचा तेथे काच आली.

अशा खिडक्या १७६ आहेत, आणि बऱ्याचशा काचा तेराव्या शतकातल्या. संतांच्या कथांखाली पाव भाजणारे, चांभार, चाके करणारे सुतार आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. खर्च त्यांनीच दिला की कसे, यावर विद्वानांत वाद आहे. पश्चिम दारावर बारा महिन्यांची शेतकामे कोरली आहेत व त्यांच्या जोडीला मेष, वृषभ या आपल्या ओळखीच्या राशी. दोन्ही महायुद्धांत काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या, म्हणून त्या आज आहेत.

पुढचा प्रश्न बॉम्बचा नव्हता, साबणपाण्याचा होता. २००९ च्या सुमारास भिंतींवरची शतकांची काजळी काढून खालचा फिकट पिवळसर लेप उजळण्याचे मोठे काम सुरू झाले. टीकाकार म्हणाले, भिंती उजळल्या की काचांचे तेज मावळते. अंधारातच ती निळाई पेटत असे. जीर्णोद्धार करणाऱ्यांचे उत्तर असे की तेराव्या शतकात भिंती उजळच होत्या, काळोख मेणबत्त्यांनी व धुराने मागाहून आणला. काचांपुरते आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या काळी म्हणून पुजलेली खांबावरची मेरीमाता धुऊन रंगवून गोरी केली, तेव्हा कोणाची परवानगी घ्यायला हवी होती, इतिहासाची की नवस बोलणाऱ्यांची, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.