'उप' उपसर्गाची मुंबई

'उप' हा उपसर्ग लागला की शब्दाकडे थोडे दुय्यमत्व येते, हे उपकथानक किंवा उपाध्यक्ष या शब्दांवरून ध्यानात येते. उपनगर म्हणजेही मूळ नगराच्या आधाराने त्याच्या वेशीबाहेर वाढलेली अशी वस्ती, जिथली माणसे राहतात एकीकडे आणि पोटापाण्यासाठी रोज जातात दुसरीकडे. मुंबईत या कल्पनेला नियोजनाचे रूप आले ते प्लेगमुळे. 1896 च्या साथीने दाट चाळींतील कोंदटपणा उघडा पाडल्यावर 1898 मध्ये 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही नगरसुधारणेची संस्था स्थापन झाली, आणि तिने दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते, मोकळ्या बागा व हवेशीर इमारती यांची आखणी केली. आज भर शहरात मोडणारे दादर त्या काळी शहराचा काठ होते.

हा काठ उत्तरेकडे सरकवला तो रेल्वेने. ठाण्यापर्यंत गाडी 1853 मध्येच धावली होती; पण 1925 मध्ये कुर्ल्यापर्यंत आणि 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्यावर लांबचे बिऱ्हाड नोकरदारांच्या आवाक्यात आले. तेव्हापासून इथले अंतर मैलांत नव्हे, मिनिटांत मोजले जाते. 'आठ-सातची फास्ट' हे एका गाडीचे नाव असते. तिघांच्या बाकड्यावर अर्धे अंग बाहेर ठेवून मिळवलेली 'चौथी सीट' हा जवळजवळ हक्क मानला जातो, आणि संध्याकाळी महिलांच्या डब्यात मांडीवरच्या पिशवीत मेथी निवडली जाते, म्हणजे स्वयंपाकघराचा एक कोपरा प्रवासातच थाटलेला असतो.

महापालिकेची हद्द 1950 मध्ये उपनगरांत आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तरी उपसर्ग काही सुटला नाही. उलट 1990 मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हाच झाला. 2011 च्या जनगणनेनुसार महानगराच्या सुमारे 1 कोटी 24 लाख लोकसंख्येपैकी 93 लाखांहून अधिक लोक या जिल्ह्यात होते, म्हणजे दर चार मुंबईकरांपैकी तिघे 'उप' ठरतात, हे भाषेचे हट्टीपणच म्हणायचे. दरम्यान कचेऱ्याही वांद्रे-कुर्ला संकुलात आणि अंधेरीत आल्या, आणि डोंबिवली, बदलापूर, विरार ही उपनगरांचीही उपनगरे झाली. बदलापूरहून निघून कुर्ल्याला उतरणारा आणि पुढे शेअर रिक्षाने संकुलात पोचणारा नोकरदार जुन्या शहरात पाऊलही ठेवत नाही. शेजाऱ्यांना मात्र तो 'मुंबईला कामाला जातो' असेच सांगतो.