हवा स्वतःला कशी धुते?

चुलीचा आणि वाहनांचा धूर, वीटभट्ट्या, कारखाने, पेटलेली जंगले, भातखाचरांतून आणि गुरांच्या पोटातून निघणारा मिथेन वायू. हे सगळे रात्रंदिवस हवेत मिसळत असते. मग ते जाते कुठे? लाखो वर्षे हे चालू असूनही हवा श्वास घेण्याजोगी कशी राहिली?

पाऊस हवा धुतो, हे उत्तर आपल्याला पटकन सुचते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर आकाश कसे लख्ख होते, ते आपण दरवर्षी पाहतो. पण पाऊस फक्त धूळ आणि पाण्यात विरघळणारे वायूच खाली आणू शकतो. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड यांसारखे वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. कितीही मुसळधार पाऊस पडला तरी ते हवेतच राहतात. त्यांच्यासाठी कुदरतीने वेगळी सोय केली आहे.

एका सेकंदाचे आयुष्य

त्या सोयीचे नाव हायड्रॉक्सिल. ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचा एक अणू, एवढाच त्याचा संसार. पाण्याच्या रेणूतून हायड्रोजनचा एक अणू काढून घेतला की जे उरते ते हेच. रसायनशास्त्रात याला मुक्त मूलक म्हणतात. हा अर्धवट असतो आणि म्हणूनच अस्वस्थ असतो. समोर आलेल्या बहुतेक वायूंकडून हायड्रोजन हिसकावून घेऊन तो स्वतः पुन्हा पाणी होतो.

तो तयार होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: ऊन, पाण्याची वाफ आणि थोडासा ओझोन. सूर्याचे अतिनील किरण ओझोनचा रेणू फोडतात. त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा तडफदार अणू वाफेच्या रेणूला धडकला की दोन हायड्रॉक्सिल जन्माला येतात. त्यांचे आयुष्य असते जेमतेम एक सेकंद. हवेत त्यांची संख्याही नगण्य, सुमारे पंचवीस लाख कोटी रेणूंमागे एक! तरीही जगभरची सफाई मुख्यतः त्यांच्यावर चालते, कारण ऊन असेपर्यंत ते सतत नव्याने तयार होत राहतात. ऊन आणि दमट हवा दोन्ही भरपूर असल्यामुळे उष्ण कटिबंधात त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते.

साठच्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांचा समज होता की कार्बन मोनॉक्साइड हवेत काही वर्षे टिकतो. १९७१ मध्ये अमेरिकेतील हायराम लेव्ही यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की जमिनीलगतच्या हवेतही हायड्रॉक्सिल तयार होत असला पाहिजे आणि तो हे वायू झपाट्याने संपवत असला पाहिजे. आज आपल्याला माहीत आहे की कार्बन मोनॉक्साइड हवेत सरासरी दोनेक महिनेच टिकतो, तर मिथेन सुमारे दहा वर्षे. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांचे आम्ल बनते आणि मग ते पावसाबरोबर खाली येते. म्हणजे जे पावसाला धुता येत नाही, त्याचे हायड्रॉक्सिल धुण्याजोग्या पदार्थात रूपांतर करतो. नोबेल विजेते शास्त्रज्ञ पॉल क्रुट्झन त्याला वातावरणाचा साबण म्हणत, ते यामुळेच.

साबणाच्याही मर्यादा

मात्र या साबणाने सगळे डाग निघत नाहीत. जुन्या फ्रिजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू घ्या. त्यांच्यात हायड्रोजनच नसतो, त्यामुळे हायड्रॉक्सिलला हिसकावण्यासारखे काही सापडत नाही. हे वायू न तुटता वर स्थितांबरात पोचले आणि तिथल्या ओझोनच्या थराला त्यांनी खिंडार पाडले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्यांच्या जागी जे पर्यायी वायू आले, त्यांतल्या अनेकांत मुद्दाम हायड्रोजन ठेवला गेला, म्हणजे खालच्या हवेतच हायड्रॉक्सिलने त्यांचा निकाल लावावा. कार्बन डायऑक्साइडपुढेही हा साबण हतबल आहे. काजळी आणि धुळीचे बारीक कणही तो नष्ट करू शकत नाही. त्यांना पाऊसच लागतो.

दुसरी मर्यादा म्हणजे पुरवठा मोजका आहे. सगळ्यात जास्त हायड्रॉक्सिल खर्च होतो तो कार्बन मोनॉक्साइडवर. म्हणून कुठेही कचरा, टायर किंवा शेतातला पालापाचोळा धुमसत जाळला, की त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड मिथेनच्या वाट्याचा साबण वापरून टाकतो. मग पृथ्वी तापवणारा मिथेन हवेत आणखी रेंगाळतो. नाक्यावर पेटवलेल्या ढिगाऱ्याचा हिशोब नाक्यापाशी संपत नाही, तो असा.

हे गणित किती नाजूक आहे ते २०२० मध्ये दिसले. लॉकडाउनमध्ये वाहने थांबली, आकाश निवळले. पण हवेतला मिथेन मात्र त्या वर्षी विक्रमी वेगाने वाढला. पाणथळ जागांतून तो जास्त निघाला, हे एक कारण. दुसरे कारण असे, की वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड वापरलेला हायड्रॉक्सिल पुन्हा तयार व्हायला मदत करतात. ते घटल्यामुळे साबणही थोडा घटला. याचा अर्थ धूर चांगला असा नव्हे. तो धूर फुप्फुसांना घातकच आहे. मिथेनची गळती आणि धूर, दोन्ही एकदमच कमी करायला हवेत, हा त्याचा अर्थ.

घरात ही सफाई पोचत नाही

आपल्या घराशी संबंधित गोष्ट शेवटी सांगायची आहे. हायड्रॉक्सिलला अतिनील किरण लागतात आणि खिडकीची काच त्यातले नेमके कामाचे किरण अडवते. म्हणून बंद खोलीत ही सफाई जवळजवळ होतच नाही. बाहेरसुद्धा कार्बन मोनॉक्साइड संपायला दोन महिने लागतात. बंद खोलीत तो फक्त साचत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच दगावू शकतो.

म्हणून थंडीत कोळशाची शेगडी किंवा पेटते निखारे बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. बिर्याणीला दम देण्यासाठी निखारे वापरले तर काम होताच ते बाहेर नेऊन पूर्ण विझवावेत. लोबान किंवा उदाचा धूर देताना समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे बाळ किंवा गरोदर सून असेल तर शक्यतो टाळावाच. गिझर गॅसचा असेल तर न्हाणीघरात हवा खेळती आहे ना, ते आजच पाहून घ्यावे.

बाहेरची हवा धुण्याची व्यवस्था आपल्याला फुकट मिळाली आहे. घरातली हवा बाहेर जाऊ देण्याचे काम मात्र आपले आहे, आणि त्यासाठी खिडकी उघडण्यापलीकडे फारसा खर्चही नाही.