भौतिकशास्त्र शिकण्यासाठी परदेशी जाताना

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर; दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. पुढे मुदत सरली आणि १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. आमचे माजी विद्यार्थी बी.एस्सी. होऊन परदेशाविषयी विचारावयास येतात, तेव्हा आम्ही प्रथम हा हिशेब सांगतो.

अमेरिकेत भौतिकशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी सहसा स्वखर्चाने घ्यावी लागते. पीएच.डी.स प्रवेश मिळाल्यास मात्र बहुधा शुल्क माफ होते व अध्यापन-साहाय्यकाचे मानधन मिळते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. दुसरे वर्ष जवळजवळ सगळे संशोधन व प्रबंधाचे. प्रयोगशाळेत हात बसलेला नसेल, तर नुसती गुणपत्रिका तेथे पुरत नाही. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. नागपूरच्या मजुराने ती कोठून आणावी?

म्हणूनच केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्हींची माहिती हवी. केंद्राच्या योजनेस पदवीत किमान ६० टक्के गुण लागतात. २०२२ साली तीतून भारतीय इतिहास व संस्कृतीचे विषय वगळले गेले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस ते सलते. भौतिकशास्त्राची वाट मात्र खुली आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू आहेत. परंतु केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा असतो. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षीच काढून ठेवावा.